उश्या किती लागतात?

हॉस्पिटलात तिला सगळे फोनताई म्हणत. पूर्वी ती हृदयविभागातली सिस्टर होती. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, वॉर्डातली धावपळ झेपेनाशी झाली, तेव्हा मोठ्या मॅडमनी तिला एक खुर्ची दिली, टेबल दिलं आणि फोन दिला. रिकामी खोली कुठली असायला! टेबल लागलं ते चादरींच्या कोठीत. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या, आणि सगळ्यांत वर रेक्झिनच्या खोळीतल्या उश्या. दिवसभर त्या उश्या वरून तिच्याकडे बघत असायच्या. चौथ्या भिंतीवर आलेखाचा एक मोठा कागद होता. त्यावर दर महिन्याला एक ठिपका पडायचा. ठिपका देणारे गृहस्थ तिच्या समोरच्याच टेबलावर बसत. त्यांना ठिपकेवाले म्हणत.

काम सांगायला सोपं होतं. ज्यांचं हृदय अशक्त झालेलं, अशी माणसं वॉर्डात बरी होऊन घरी जायची आणि काही दिवसांत, फुप्फुसात पाणी भरून, धापा टाकत परत यायची. काही तर इतक्या उशिरा यायची की येऊन उपयोग नसे. महिन्याभरात अशी किती परत आली, तेच तो ठिपका सांगायचा. मोठ्या मॅडमना हे सहन होत नसे. त्या विभागाच्या प्रमुख होत्या, बोलायला तिखट आणि चालायला भरभर. त्या म्हणाल्या, "आपण पेशंटला दारापर्यंत पोचवतो आणि हात झटकतो. दारापलीकडे त्याचं काय होतं, ते तो परत आला की कळतं. हे बदलायचं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलायची, थांबायचं, बघायचं. मग पुढची."

पहिला बदल म्हणजे फोनताई. घरी गेलेल्या प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, तब्येत कशी आहे?

सगळे म्हणाले, बरी आहे.

एक जण सकाळी "बरी आहे" म्हणाला आणि संध्याकाळी स्ट्रेचरवरून आला. तेव्हा मॅडम कोठीत येऊन स्टुलावर बसल्या आणि फोनताईचं बोलणं ऐकत राहिल्या. चारपाच फोन झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तुम्ही विचारत नाही, भरवता."

"म्हणजे हो?"

"'गोळ्या घेताय ना? मीठ कमी केलंय ना? दम लागत नाही ना?' आता एवढ्या मायेनं विचारल्यावर तो बिचारा नाही कसा म्हणेल? त्याला वाटतं, सिस्टरना वाईट वाटेल. उद्यापासून 'ना' बंद."

आता 'ना' बंद म्हणजे काय चेष्टा आहे? 'ना' काढला की वाक्य उघडंबोडकं होतं. "गोळ्या घेता की चुकतात?" असं विचारल्यावर एका आजोबांनी घाबरून विचारलं, "सिस्टर, आज माझ्यावर रागावलात का?" तिची जीभ सारखी घसरायची. शेवटी ठिपकेवाल्यांवर काम सोपवलं. तिच्या तोंडून 'ना' गेला की त्यांनी टेबलावर पेन्सिल आपटायची. पहिल्या आठवड्यात कोठीत सुतारकाम चालल्यासारखा आवाज येत होता.

"अहो, किती आपटता! टेबल फुटेल."

"टेबल भंगारात गेलं तरी चालेल, ताई. तुमचा 'ना' गेला पाहिजे."

हळूहळू गेला. आलेखावरचा ठिपका किंचित खाली सरकला. पण दम लागतो का, या प्रश्नाला अजून सगळे नाहीच म्हणत. कारण साधं होतं. ज्याला जिना चढताना दम लागतो तो जिनाच चढायचं सोडतो, आणि मग त्याला दम लागत नाही.

त्यातून सोडवलं ते यादीतल्या शिंपीकाकांच्या बायकोनं. शिंपीकाका फोनवर म्हणत होते, "दम? छे! ठणठणीत आहे मी." मागून काकूंचा आवाज आला, "ठणठणीत म्हणे! तीन उश्या आणि वर लोड. बसून झोपतात मेले! त्यांना म्हणावं आडवं होऊन दाखवा!"

फोनताईनं ते मॅडमना सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "पहिल्या वर्षाला शिकतो आम्ही हे. पेशंट समोर बसला की विचारतोसुद्धा. फोनवर विचारायचं मला कसं सुचलं नाही?" आडवं झालं की पाणी छातीत वर चढतं, जीव गुदमरतो, म्हणून माणूस नकळत उशीवर उशी रचत जातो. दम लागतो हे कबूल करायला माणसाला कमीपणा वाटतो. उशीबद्दल खोटं बोलावं असं मात्र कुणाच्या मनातही येत नाही.

त्या दिवसापासून फोनताईचा पहिला प्रश्न ठरला. झोपताना उश्या किती लागतात?

शिंपीकाकांना तिनं लगेच बोलावून घेतलं. औषध वाढवलं, पाणी उतरलं, ते पुन्हा मशीनवर बसायला लागले. आणि ठिपके खाली येऊ लागले, एकामागून एक, जिन्यावरून उतरल्यासारखे.

*

घरी नवरा होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक होता आणि शिकणाऱ्यानं काहीही केलं तरी तो शांतपणे आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा. म्हणून शिकाऊ मंडळींनी त्याचं नाव ब्रेकसर पाडलं होतं. बोलायला मोठा गमत्या. बायकोचे गुडघे दुखतात म्हणून तिला "जुनं मॉडेल" म्हणायचा, आणि स्वतःला झटका येऊन गेल्यावर म्हणाला, "घे, आता माझंही इंजिन खोलून झालं."

झटका आला होता तो दोन वर्षांपूर्वी. वाचला, पण हृदय अशक्तच राहिलं. मॅडमच्याच वॉर्डात होता. त्यामुळे फोन करायच्या नावांत त्याचंही नाव आलं.

"ताई, हे तर तुमच्याच घरचं नाव," ठिपकेवाले म्हणाले. "फोन मी करू की तुम्ही?"

"घरातल्या माणसाला कसला फोन! रोज डोळ्यांसमोर आहेत. त्यांचं मी बघते."

ठिपकेवाल्यांनी मान डोलावली. त्यात वावगं काही कुणालाच वाटलं नाही. सिस्टरच्या नवऱ्याला आणखी कुणी काय विचारायचं?

उलट, प्रश्नांची तालीम त्याच्यावरच झाली. ती कणीक मळायची, तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि पेशंट व्हायचा.

"उश्या किती लागतात?"

"बायको देईल तेवढ्या."

"नीट सांगा हो!"

"एक, सिस्टर. तीही जुनी. कापसाचे गोळे झालेत. बायकोला सांगून सांगून थकलो."

"बरं. दम लागत नाही ना?"

"आला! 'ना' आला!" तो टाळी वाजवायचा. "अगं, मी शिकाऊला 'ब्रेक दाबाल ना?' असं विचारतो का? ब्रेक म्हणजे ब्रेक. तू 'ना' म्हणेपर्यंत गाडी भिंतीत."

तिला हसू आवरायचं नाही. मग ती कौतुकानं सगळं सांगत सुटायची. एक उशी म्हटलं की मी पुढे जाते. दोन म्हटलं की कान टवकारते. तीन म्हटलं की आजच्या आज या. पावलं सुजलीत का ते कसं काढून घ्यायचं, चपला घट्ट होतात का म्हणून विचारायचं, वजन कसं विचारायचं. तो मन लावून ऐकायचा.

"थोडक्यात काय, एक म्हणायचं आणि सुटायचं," तो म्हणाला होता.

"तुम्हाला चेष्टाच सुचते."

मग सासूबाई पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, म्हणून तिनं आपली खाट त्यांच्या खोलीत हलवली, आणि नवरा बाहेरच्या दिवाणावर झोपू लागला. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर वेगळं झोपण्यात विशेष काही नसतं. दोघांनाही जरा सुटल्यासारखं वाटतं आणि दोघंही तसं बोलून दाखवत नाहीत. तिला तर पाठ टेकली की झोप लागायची. हॉस्पिटलात दिवसभर बोलून घसा बसलेला, घरी येऊन म्हातारीचं सगळं. खाटेवर पडली की मेल्यासारखी.

असे काही महिने गेले आणि सासूबाईंनी नवीनच टुमणं लावलं.

"माझी उशी चोरीला जाते."

त्यांना दोन उश्या असत, एक डोक्याखाली आणि एक पाठीशी. सकाळी तिनं बघितलं तर दोन्ही जागच्या जागी.

"या काय आई! दोन्ही आहेत."

"आता आहेत. चोर घेऊन जातो आणि सकाळी आणून ठेवतो."

"वा! मोठा प्रामाणिक चोर आहे," ती म्हणाली. बाहेर नवरा मोजे चढवत होता. तो तिथूनच ओरडला, "आई, त्याला म्हणावं माझीही ने! गोळे झालेत नुसते!"

म्हातारी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडली. फोनताईनं मनात म्हटलं, झालं, आता डोकंही चाललं. हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचं असं होताना तिनं किती पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं डब्याच्या सुट्टीत ठिपकेवाल्यांना उशीचोराची गोष्ट सांगितली तेव्हा दोघंही पोट धरून हसले.

त्या दिवसांत बाकीही बरंच काही होत होतं, पण एकेक करून. बूट आवळतात, कातडं आकसलंय, असं म्हणून नवऱ्यानं सँडल घालायला सुरुवात केली. पूर्वी शिकाऊच्या दारात जाऊन हाक मारायचा, आता गाडीतूनच हॉर्न वाजवायला लागला. "सरांना माज आला," असं कुणीतरी म्हणाल्याचं त्यानंच हसत सांगितलं. जेवण कमी झालं. "तुझ्या हातची चव गेली," म्हणाला. ती रुसली. म्हणजे, जेवण का कमी झालं हे विचारायच्या ऐवजी ती रुसली.

आणि रोज सकाळी, त्याचा डबा भरता भरता, एक डोळा दुधावर आणि एक घड्याळावर ठेवून ती विचारायची,

"बरं आहे ना?"

"हो."

"गोळी घेतली ना?"

"घेतली."

"उशी एकच ना?"

"एकच, सिस्टर."

तिथे पेन्सिल आपटायला कुणी नव्हतं.

*

मॅडमच्या विभागाचं काम बघायला दुसऱ्या हॉस्पिटलांतली माणसं यायची होती. मॅडमनी सांगितलं, बोलायचं फोनताईनं. ती नको नको म्हणत होती, पण आतून खूश होती. नवऱ्यानं त्या दिवशी सकाळी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आज जुनं मॉडेल चकाचक! पाहुण्यांना सांग, ब्रेकसरनं ट्रेनिंग दिलंय म्हणावं."

"सांगते. बरं आहे ना?"

"अगं जा, उशीर होतोय तुला."

त्यानं त्या दिवशी 'हो' म्हटलं नव्हतं. हे तिला नंतर आठवलं, आणि एकदा आठवल्यावर विसरता आलं नाही.

कोठीत पाहुणे दाटीवाटीनं उभे होते. ती आलेखाजवळ उभी राहून 'ना'ची गोष्ट सांगत होती. ठिपकेवाल्यांनी पेन्सिल आपटून दाखवली तसे सगळे हसले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "घ्या, घ्या, प्रत्यक्षच ऐकू दे आम्हाला." ती हसत हसत फोनकडे गेली.

पलीकडे एक बाई रडत होती. ती नवऱ्याची शिकाऊ होती, मुलं मोठी झाल्यावर हौसेनं गाडी शिकायला निघालेली. तिचं बोलणं धड कळत नव्हतं. चौकाच्या अलीकडे सरांनी आपणच ब्रेक दाबला, एवढं कळलं. "मला म्हणाले, घाबरू नका. बाजूला घ्या. हँडब्रेक ओढा. आता बंद करा. छान केलंत. आणि मग ताई, मग त्यांना श्वासच घेता येईना हो. मी इथेच आणलंय. तुमच्याच दारात आहे."

ती गुडघे विसरून धावली.

नवऱ्याला ओळखायला तिला एक क्षण लागला. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठांशी गुलाबी फेस. छातीत पाणी असं उकळत होतं की दारापर्यंत ऐकू येत होतं. हा आवाज ती ओळखत होती. हा आवाज होऊ नये म्हणून तर ती दिवसभर फोनवर बसायची. मॅडम मागोमाग पोचल्या, त्यांनी बाह्या सारल्या, सुया, मास्क, हाका, सगळं एकदम सुरू झालं. हात चालू असतानाच, वर न बघता, रोजच्या सवयीनं मॅडमनी विचारलं,

"झोपताना उश्या किती घेत होते?"

"एक," ती म्हणाली. ठाम आवाजात म्हणाली. फोनवर असायचा तोच आवाज.

मॅडमनी त्याच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. पावलं फुगली होती. सँडलचे पट्टे कातडीत रुतले होते. मॅडमनी घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. खळगा पडला तो तसाच राहिला. तिनंही तो खळगा पाहिला.

त्यांनी खूप वेळ प्रयत्न केला. मग मॅडम थांबल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या. कुणीतरी मशीनचा आवाज बंद केला.

"अहो," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बघा ना इकडे. अहो, उठा ना."

*

माणसं आली, बसली, गेली. परगावाहून लेक आली, राहिली, आणि "आई, माझ्याकडे चल ना," असं दारातून दहादा म्हणून तीही गेली. म्हातारीला टाकून कसं जायचं? आणि खरं तर तिला कुठे जायचंच नव्हतं.

लेक गेली त्या दुपारी ती सासूबाईंचं अंथरूण बदलत होती. म्हातारीला एका कुशीवर वळवलं, चादर काढली, नवी घातली, दोन्ही उश्यांचे अभ्रे बदलले. हाताला काम होतं तोवर बरं होतं.

"आता दोन्ही राहतात," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"उश्या. आता चोर यायचा नाही."

तिचा हात अभ्र्यातच राहिला.

"आई, कोण यायचं?"

म्हातारीनं तिच्याकडे मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते. मुलगा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ तिला कळलेलं नाही असा काढला होता.

"तू भांडी घासत असायचीस तेव्हा यायचा. म्हणायचा, आई, जरा डोकं उचल. मी उचलायचे. तू अंधारात येऊन पडायचीस, तुला दिसायचं नाही. पहाटे तू चहा टाकायला गेलीस की आणून ठेवायचा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! रोज सांगितलं. उशी जाते, उशी जाते म्हणून कितीदा ओरडले मी?"

"चोर म्हणालात तुम्ही!"

"मग काय म्हणू? शपथ घातली होती त्यानं. माझं नाव घेऊ नकोस म्हणाला." म्हातारीचा आवाज पहिल्यांदा कापला. "मी नाव घेतलं नाही. मला काय ठाऊक, उशीनं काय होतं ते? तुला ठाऊक. म्हटलं, उशी म्हटलं की तुला तरी कळेल."

ती खाटेच्या कडेवर बसली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"का पण?" ती म्हणाली. "का नाही सांगितलं त्यांनी मला?"

"म्हणायचा, तिला दिवसभर तेच. घरी आली की तुझं. आता आणखी मी कुठे? आणि एकदा आत घेतलं की डॉक्टरीणबाई गाडी सोडायला लावतील म्हणायचा. गाडी सोडली की मी पण तुझ्याशेजारी खाट टाकू का म्हणे आई?" सासूबाईंनी उशीवरून हात फिरवला. "लहानपणीही माझीच उशी लागायची त्याला. मला वाटलं, आजारपणात माणूस पुन्हा लहान होतो. मला बरं वाटायचं गं, तो यायचा ते."

फोनताई उठली, ती दुसरी उशी उचलून बाहेर गेली. दिवाणावर त्याची गोळे झालेली उशी होती, भिंतीशी दोन लोड होते. तिनं लोड एकावर एक ठेवले, वर त्याची उशी, वर आईची उशी, आणि पाठ टेकून बघितली. हे झोपणं नव्हतंच, बसणं होतं. रात्रीमागून रात्री तो असा बसून राहिला होता, आणि सकाळी सगळं मोडून, घडी घालून, भिंतीशी लावून, "एकच, सिस्टर" म्हणत राहिला होता. तिच्यापासून लपवायचं कसं हे त्याला तिनंच शिकवलं होतं, कणीक मळता मळता, हसत हसत.

त्याला आडवं झालेलं तिनं शेवटचं कधी पाहिलं होतं? तिला आठवेना. मग आठवलं. मॅडमच्या त्या खोलीत. तिथे तो सपाट झोपला होता, एकाही उशीशिवाय.

ती त्या उश्यांत तोंड खुपसून रडली. आतून सासूबाईंनी हाक मारली नाही.

*

ती कामावर परत गेली तेव्हा पहिल्याच सोमवारी बैठक होती. भिंतीवरच्या कागदावर गेल्या महिन्याचा ठिपका नव्हता. ठिपकेवाले पेन्सिल हातात धरून उगाच दाराबाहेर बघत होते.

"का नाही लावला?" तिनं विचारलं.

"लावू सावकाश. काय घाई आहे?"

"त्यांच्यामुळे वर जातोय म्हणून?"

मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"लावा," ती म्हणाली. "ते याच वॉर्डातून घरी गेले होते, आणि याच दारात परत आले. माझे होते म्हणून मोजायचे नाहीत, असं कुठे आहे? एकदा सोडलंच होतं त्यांना यादीतून."

ठिपकेवाल्यांनी ठिपका लावला. उतरत आलेली रेघ तिथे एक पायरी वर गेली. लांबून बघणाऱ्याला ती जेमतेम दिसली असती.

मग मॅडम म्हणाल्या, "ताई, काय बदलायचं ते तुम्ही सांगा. आज नको असेल तर नका सांगू."

तिनं पदरानं हात पुसले. हात ओले नव्हते. "घरच्याला घरच्यानं विचारायचं नाही. आपल्यापैकी कुणाचं माणूस असेल, तर फोन दुसऱ्यानं करायचा. आपल्याला 'बरं आहे' हेच ऐकायचं असतं, म्हणून आपण तसंच विचारतो." तिनं फोनची यादी पुढ्यात ओढली. "आणि पेशंटला एकट्याला विचारून फोन ठेवायचा नाही. अंथरूण कोण घालतं, उश्यांचे अभ्रे कोण बदलतं, त्यांना फोन द्या म्हणायचं. म्हातारं माणूस घरात असेल तर त्याच्याशी बोलायचं. ते काहीही बडबडलं तरी हसायचं नाही."

"दोन गोष्टी झाल्या या," मॅडम हळूच म्हणाल्या. 'एका वेळी एकच' हे त्यांचं व्रत होतं. "पण दोन्ही करू."

बैठक संपली, सगळे गेले. ती फोनकडे वळली. पहिलंच नाव शिंपीकाकांचं होतं.

"काका, उश्या किती लागतात?"

"एक! एकच! आता खरंच एक!"

"काकूंना फोन द्या."

काकू आल्या. अंथरूण आपणच घालतो म्हणाल्या, उशी एकच असते म्हणाल्या, लोड तर माळ्यावर टाकलाय, काढायचीही सोय नाही. पावलांवर बोट दाबून बघायला सांगितलं तशी काकांना गुदगुल्या झाल्याचा आवाज आला. खळगा नव्हता. फोनताईनं सगळं लिहून घेतलं.

"सिस्टर," काकू एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "कळलं आम्हाला, तुमच्याकडचं. हे तर जेवलेच नाहीत त्या दिवशी. तुमच्या फोनमुळे हे आहेत हो. काय बोलावं सुचत नाही." मागे शिवणयंत्र चालू होतं. "तुम्ही बऱ्या आहात ना?"

समोर ठिपकेवाल्यांच्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी आवाज होऊ न देता टेबलावर आडवी ठेवली.

वर फळीवर उश्यांची थप्पी होती, पांढरी, घट्ट, एकीवर एक.

"हो काकू," फोनताई म्हणाली. "बरी आहे."